घरचा दाणा



 दरवर्षी अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला, गावाबाहेरच्या शेतात, घटाची मांडणी होते. गोल घटात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं आणि त्यांवर पाण्यानं भरलेली घागर. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला कोणता दाणा जागचा हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं हे पाहून पीकपाण्याचं भाकीत सांगितलं जातं. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, त्यावर आपली पेरणी ठरवू नका, हे मी आधीच सांगतो. पण ज्यांनी ही मांडणी घातली त्यांनी पावसाळ्याचं एकच ढेकूळ ठेवलं नाही, महिन्यागणिक वेगळं ठेवलं. आणि पावसापुढे एकच पीक न ठेवता अठरा ठेवली. ही समज मात्र मुरलेल्या शेतकऱ्याची आहे.

2023 चा हंगाम आठवा. मृग कोरडा गेला. जूनच्या शेवटी पाऊस आला, पेरण्या झाल्या. 22 जुलैला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत असा कोसळला की नदीनाल्यांकाठची शेतं खरडून निघाली. आणि मग ऑगस्ट. 1901 पासूनच्या पावसाच्या नोंदी पाहा. त्यांत देशभरातला इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. 31 ऑक्टोबरला राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपले बुलढाणा आणि लोणार होते. म्हणजे एकाच पावसाळ्यात, एकाच जिल्ह्यात, घाटाखाली पूर आणि घाटावर दुष्काळ! अशा वर्षी जिल्ह्याच्या सरासरीचा आकडा घेऊन शेतकऱ्यानं करायचं काय?

त्या सप्टेंबरात चिखलीकडच्या एका शेतात मी सोयाबीनचं झाड उपटून पाहिलं. शेंगा लगडलेल्या होत्या. बांधावरून पाहणाऱ्याला पीक झकास वाटलं असतं. पण शेंग बोटांत धरली की चपटी लागायची. सोलली तर एक दाणा कसाबसा भरलेला, बाकीचे दोन मोहरीएवढे. सोयाबीनचं पीक शंभरेक दिवसांचं. त्यातले दाणा भरायचे दोन-तीन आठवडे कोरडे गेले, की नंतर कितीही पडला तरी तो दाणा परत भरत नाही. त्याच शेताच्या कडेला चार तासं ज्वारी होती. उन्हाच्या ताणात तिनं पानं सुरळी करून घेतली होती; सरी आल्यावर ती उलगडली आणि वाढीला लागली. तूरही तगून होती, कारण तिचं मूळ खोल आणि फुलोरा उशिराचा.

माझ्या आजीच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात कणगी असायची, शेणानं लिंपलेली. ज्वारीत राख आणि कडुनिंबाचा पाला घातलेला. पोळा झाला की आजी कणगीत हात घालून दाणा किती खाली गेला ते बघायची. "दाना हाय घरात, मंग भेव कायचं?" हे तिचं ठरलेलं बोलणं. पाऊस रुसला तरी निदान पुढच्या हंगामापर्यंतची भाकर त्या कोपऱ्यात असायची, आणि ज्वारीच्या कडब्यावर बैलही निघायचे.

1972 च्या दुष्काळात राज्यात धान्याचा मोठा तुटवडा होता. लोकांनी अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, दुष्काळी कामावर सुकडी खाल्ली, खडी फोडली. त्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. आज गोदामं भरलेली आहेत, रेशन आहे, आणि हा फार मोठा फरक आहे. पण आता शेतकऱ्याच्या घरचंही जेवण सोयाबीन-कापसाच्या पैशावर अवलंबून आहे. पाऊस चुकला की पैसा जातो, आणि पैशाबरोबर ताटातली डाळ, दूध, तेल जातं. 2024 ला पाऊस बरा झाला, तर 4892 रुपये हमीभाव असलेलं सोयाबीन बाजारात त्याच्या खालीच विकलं गेलं. आणि रेशनचं म्हणाल, तर शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत, म्हणजे आपल्याकडेही, केशरी कार्डावरच्या शेतकऱ्याला 2015 पासून माणशी पाच किलो धान्य स्वस्तात मिळायचं. 2023 पासून त्याऐवजी खात्यात पैसे येऊ लागले, सुरुवातीला माणशी महिना 150 रुपये. माझं मत स्पष्ट आहे: धान्य धान्यच असतं. पैसे खात्यात आले की औषधाच्या दुकानात नाहीतर हप्त्यात जातात, आणि दुष्काळात ज्वारी महाग झाली म्हणून ती रक्कम आपोआप वाढत नाही.

ज्वारी शेतकऱ्यानं उगाच सोडली नाही. रानडुकरं आहेत, पाखरं आहेत, कापणीला माणूस मिळत नाही आणि भावही मिळत नाही. सगळं शेत ज्वारीखाली आणा, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मी फक्त घरच्या खाण्यापुरतं बोलतो आहे. पाच माणसांच्या घराला रोज दीड किलो पीठ धरलं, तर वर्षाला साडेपाच क्विंटल दाणा लागतो. त्यातला निम्मा जरी घरचा झाला, तरी कोरड्या ऑगस्टात जीव टांगणीला लागत नाही.

म्हणून एक विनंती. यंदा बियाण्याची पिशवी आणायला निघाल्यावर आधी घरातल्या बाईला विचारा, वर्षाला ज्वारी किती लागते, मूग, उडीद, तूर किती लागते. ती सांगेल त्या हिशेबानं घराजवळचा अर्धा-पाऊण एकर आधी राखून ठेवा, आणि मग उरलेल्या रानात सोयाबीन पेरा.