वाचकाच्या नजरेने ‘तुंबाड’

आवडत्या पुस्तकाचा बोलपट निघाला म्हणजे वाचकाची अवस्था मुलीच्या सासरी प्रथमच पाहुणा म्हणून गेलेल्या बापासारखी होते. मुलगी आपली, पण घर परक्याचे. काही उणे दिसले तरी बोलून दाखविता येत नाही, आणि ती सुखात दिसली तरी त्याचे श्रेय आपल्याकडे ओढता येत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ ह्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. मराठी वाचक आणि पडदा यांचा सोयरसंबंध इतका जुना आहे. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो ‘तुंबाड’ हा बोलपट मात्र ह्या गोतावळ्यात जरा विचित्र नात्याचा आहे. त्याने एका मराठी लेखकाकडून भय घेतले, दुसऱ्या मराठी लेखकाच्या कादंबरीवरून नाव घेतले, आणि संसार थाटला तो हिंदीत!

नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ ह्या कादंबरीचे. १९८७ साली ती दोन खंडांत प्रसिद्ध झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी वसलेले तुंबाड, तेथील खोतांच्या चार पिढ्या, त्यांचा माज, त्यांची भाऊबंदकी आणि त्यांची पडझड असा हजाराहून अधिक पृष्ठांचा हा पसारा आहे. माझ्यासारख्या काळ्या मातीत आणि कापसात वाढलेल्या माणसाने कोकण प्रत्यक्ष पाहिले ते फार उशिरा. त्याआधी जे पाहिले ते पेंडशांच्या डोळ्यांनी.

भय मात्र नारायण धारपांचे. धारपांचा जन्म १९२५ चा आणि मृत्यू २००८ चा. त्यांना पाठ्यपुस्तकांत जागा नव्हती आणि विद्वानांच्या व्याख्यानांतही त्यांचे नाव क्वचितच निघे. तथापि आमच्या गावच्या वाचनालयात त्यांचे पुस्तक कपाटात जागेवर सापडले असे सहसा होत नसे. मी शिक्षक असून धारप वाचतो, ही गोष्ट काही सहकाऱ्यांना थोडी कमीपणाची वाटे. मला ती कधीच तशी वाटली नाही. जे पुस्तक दहा वर्षांच्या मुलाला कंदिलाच्या उजेडात शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेविते, त्याला मी तरी हलके म्हणणार नाही.

ह्या बोलपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट सांगितली, आणि तिने त्यांचा पिच्छा पुरविला. पहिला खर्डा १९९७ साली झाला, चित्रणास खरा आरंभ २०१२ साली, आणि बोलपट लोकांपुढे आला तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. त्याच वर्षी इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक-सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला होता. ऐकलेल्या एका गोष्टीसाठी माणसाने पंचवीस वर्षे वेचावी, ही निष्ठा मोठी म्हटली पाहिजे. आमच्या भागात त्या वेळी तो केव्हा आला आणि केव्हा गेला हे कळलेही नाही. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा कळमनुरीहून एस.टी.ने नांदेडला जाऊन मी तो पाहिला. ह्या दुसऱ्या खेपेस त्याला पहिल्यापेक्षा अधिक प्रेक्षक लाभले, ही आपल्या इकडची दुर्मिळ गोष्ट होय.

माझ्यासोबत माझा एक जुना विद्यार्थी होता. पेंडशांचे दोन्ही खंड त्याने एकदा नव्हे, तीनदा वाचलेले. मध्यंतराचे दिवे लागताच त्याने मला विचारले, “गुरुजी, ह्यात खोत कुठे आहेत हो?” प्रश्न रास्त होता. खोत नाहीत, त्यांची भाऊबंदकी नाही, काहीच नाही. नावाखेरीज कादंबरीतील काडीही येथे आणलेली नाही. माझा विद्यार्थी रागावला होता. मी रागावलो नाही, आणि का रागावलो नाही हे सांगण्यासाठीच आज आपला वेळ घेत आहे.

प्रथम कथानक थोडक्यात सांगतो. ज्यांनी बोलपट पाहिला नसेल त्यांनी क्षमा करावी. समृद्धीची एक देवी. तिचा सर्वांत लाडका, पहिला मुलगा हस्तर. त्याने आईचे सारे सोने बळकावले आणि मग तो धान्यावर हात टाकू लागला, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचविले ते एका अटीवर, की त्याची पूजा कधीही होणार नाही व त्याचे नाव विसरले जाईल. परंतु तुंबाडच्या वाड्यातील माणसे त्याला विसरली नाहीत. १९१८ साली त्या गावी विनायक नावाचा एक मुलगा, त्याची आई, त्याचा धाकटा भाऊ आणि साखळदंडांनी बांधलेली एक आजी आपल्याला दिसतात. ह्या आजीला वेळच्या वेळी खाऊ घालावे लागते, आणि ती चवताळली की हस्तराचे नाव घेऊन तिला निजवावे लागते. पुढे विनायक मोठा होतो, पुण्याहून परततो, वाड्याच्या विहिरीतून देवीच्या उदरात उतरतो, आणि हस्तराला कणकेची बाहुली दाखवून त्याच्या लंगोटातील सोन्याच्या मोहरा पळवू लागतो.

ही आजी म्हणजेच धारपांची आजी. ‘आजी’ ह्याच नावाची त्यांची कथा आहे. आणि ज्यांना शुद्धतेचा फार अभिमान आहे त्यांनी हेही ध्यानी घ्यावे की धारपांची कथा स्वतःच स्टीफन किंग ह्या अमेरिकन लेखकाच्या एका कथेवरून उचललेली आहे. अमेरिकेतील म्हातारी धारपांच्या हातून मराठी झाली, आणि बर्व्यांनी तिला कोकणात नेऊन साखळीने बांधले. गोष्टींना पाय असतात. त्या कोणाच्या घरी जन्मल्या ह्यापेक्षा कोणाच्या घरी नांदल्या हे मी पाहतो.

आता ही गोष्ट येथे कशी नांदली? धारपांच्या कथांत, विशेषतः त्यांच्या ‘समर्थ’ कथांत, भय बाहेरून येते. एखादे जुने घर, एखादी वस्तू, एखादी अनामिक शक्ती सुखी संसारावर झडप घालते. मग समर्थ येतात आणि आपल्या सामर्थ्याने ते अरिष्ट निवारितात. शेवटी वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. ‘तुंबाड’मध्ये समर्थ येत नाहीत. मी अखेरपर्यंत वाट पाहिली. सवय होती ना! पण येथे त्यांनी येऊन करावे तरी काय? विनायकाला कोणी झपाटलेले नाही. विहिरीत तो स्वतःच्या पायांनी उतरतो, दोर स्वतः बांधतो, कणीक स्वतः मळतो. हस्तर बिचारा भुकेला आहे. त्याला ठकवून येणारा माणूस मात्र पोटभर जेवलेला आहे. धारपांचे भय ह्या एका बदलाने कोठल्या कोठे गेले. ते गोष्टीशी प्रामाणिक राहिले नाही असे कोणी म्हणेल. मला वाटते, धारपांचा खरा वाचकच असे करू धजेल.

कणकेविषयी दोन शब्द अधिक बोलावेसे वाटतात. हस्तरापाशी अमाप सोने आहे आणि तो चिमूटभर पिठासाठी तडफडतो. नांदेडच्या चित्रगृहात माझ्या पुढे बसलेली तरुण मंडळी ह्या प्रसंगी हस्तराचे लाल अंग पाहून किंचाळत होती. मी पीठ पाहत होतो. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्याकडे तेव्हा रोजगाराच्या कामांवर खडी फुटत असे, शाळेत सुकडी वाटली जाई, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खावी लागे. तिची भाकरी थापताना आईच्या हातात तुटून जाई. घरात दोन तोळे सोने होते ते आईने मोडले, आणि त्याचे धान्य किती आले हे ती पुढे कित्येक वर्षे सांगत असे. सोने असून पीठ नसणे ही कल्पना ज्याने लिहिली त्याला आमचा मराठवाडा ठाऊक असो वा नसो, ती आम्हांला चटकन कळते.

परंतु माझ्यातील शिक्षकाला ज्या भागाने अस्वस्थ केले तो भाग निराळाच. शेवटचा खंड १९४७ चा आहे. विनायकाचा मुलगा पांडुरंग पायाने अधू आहे. बाप त्याला आपली विद्या शिकवितो. दोर कसा धरावा, पिठाचे वर्तुळ कसे आखावे, किती पळांत बाहेर पडावे. अभ्यास, उजळणी, चुकले की दटावणी, साधले की शाबासकी. श्रोतेहो, मी पस्तीस वर्षे ह्याच पद्धतीने बेरीज-वजाबाकी शिकविली आहे! शिकविण्याची रीत तीच, मुलाच्या डोळ्यांतील चमक तीच, बापाच्या चेहऱ्यावरील समाधान तेच. आणि मग एके दिवशी तो मुलगा बापापुढे जातो. थोड्या थोड्या मोहरा कशाला आणायच्या, तो सबंध लंगोटच का पळवू नये, असे तो विचारतो. पुत्राकडून आणि शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा धरावी, असे आपल्याकडे सांगत आले आहेत. तो पराभव असाही असू शकतो हे मला त्या अंधारात बसून उमगले, आणि अंगावर काटा आला तो त्या वेळी. हस्तराला पाहून नव्हे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा पांडुरंग आणि ती साखळीतील जख्ख आजी, ही दोन्ही कामे मोहम्मद समद ह्या एकाच मुलाने केली आहेत. बाहेर आल्यावर मला ते कळले तेव्हा प्रथम विश्वास बसेना. लोभाने जर्जर झालेली म्हातारी आणि लोभ शिकणारा पोर, यांच्या मुखवट्यांमागे चेहरा एकच! विनायकाच्या भूमिकेत सोहम शाह आहेत. त्यांनी हा माणूस तिरस्करणीय न करता ओळखीचा केला आहे. त्याच्या आईचे काम करणाऱ्या ज्योती माळशे आणि पत्नीचे काम करणाऱ्या अनिता दाते ह्यांना मात्र वाव फार थोडा मिळाला. त्या दोघींना सारे दिसत असते. त्यांना थोडे अधिक बोलू दिले असते तर बरे झाले असते.

आणि बोलणे म्हणताच माझी मुख्य तक्रार येते. विनायक, सदाशिव, पांडुरंग, राघव अशी नावे. वाडा, विहीर, नऊवारी लुगडी, पुण्यातील घर. आणि हे सारे हिंदी बोलतात. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातील तो अखंड पाऊस इतका खरा आहे की आपण पायांतील वहाणा वर उचलून घ्याव्यात. पण आई मुलाला दटावते आणि ती हिंदीत, तेव्हा तो पाऊस क्षणभर थांबतो. आजीची भीती ही मातृभाषेत वाटावयाची गोष्ट आहे. खर्चाचे गणित मला कळते. मराठीत एवढा पैसा कोणी घातला नसता हेही खरे असेल. तरीही खंत राहते ती राहतेच.

आमच्या जिल्ह्यातील श्रोत्यांना विहिरीत उतरण्याचा तो प्रसंग पाहून आणखी एक आठवण होईल. औंढ्याच्या नागनाथाचे गर्भगृह भूमीखाली आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून, वाकून खाली उतरावे लागते. खाली दिवा, ओलावा आणि माणसांचा श्वास. लहानपणी मी वडिलांचे धोतर घट्ट धरून उतरलो होतो. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते ह्याच देवळात, अशी परंपरा सांगते. तोच अंधार, तीच उतरण. पण तेथे वडिलांनी माझ्या मुठीत बेलाचे पान दिले होते, आणि वर येताना माझी मूठ रिकामी होती.

१९४७ च्या भागात आणखी एक बारकावा आहे. देश स्वतंत्र होतो, आणि विनायकाला काळजी पडते ती वाडा सरकारजमा होईल ह्याची. आमच्याकडे तेव्हा निजामाचा अंमल होता. आम्हांला स्वातंत्र्य मिळाले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. कोकणातील वाडा काय आणि आमच्याकडील गढ्या काय, सत्तांतराच्या त्या दिवसांत पुरलेल्या हंड्यांच्या कथा सगळीकडेच पिकल्या. कित्येक गढ्या त्या पायी लोकांनी रात्री खणून पोखरल्या. सोने कोणाला सापडल्याचे ऐकिवात नाही. भिंती मात्र पडल्या.

शेवटी पांडुरंग काय करतो ते मी सांगणार नाही. तेवढे आपणच पाहावे. इतकेच म्हणतो की समर्थांची जागा तेथे रिकामी होती, आणि बापाने शिकविलेल्या त्या पोरालाच आता काय ते ठरवावे लागते.

राहता राहिले पेंडसे. बोलपट पुन्हा आल्यावर आमच्या वाचनालयात ‘तुंबाडचे खोत’ची एकाएकी मागणी होऊ लागली. विशी-बाविशीची मुले. एकाने पहिला खंड नेला, आणि आठवड्याने येऊन ग्रंथपालांना विचारले, “ह्यात हस्तर कोणत्या पानावर आहे?” ग्रंथपालांनी माझ्याकडे बोट दाखविले. मी त्याला म्हटले, “बाळा, हस्तर ह्यात नाही. खोत आहेत. वाचून तर पाहा.” तो हिरमुसून गेला. परवा मी नोंदवही चाळली. पहिला खंड त्याने परत केला आहे, आणि त्याच दिवशी दुसरा नेला आहे. त्याला तीन आठवडे होऊन गेले. मुदत टळली, दंडही चढतो आहे, पण पुस्तक अजून आलेले नाही. ग्रंथपाल त्याला निरोप धाडणार होते. मी त्यांना म्हटले, इतक्यात धाडू नका.