धुराचा केसपेपर

(अभ्यासवर्गातलं भाषण)



डोक्यावर पंखा फिरतोय. त्याची वीज कोराडीची, खापरखेड्याची की चंद्रपूरची, कुणाला ठाऊक! तारेवर गावाचं नाव नसतं. राख मात्र पत्ता पाहून पडते.

आपला देशी कोळसा म्हणजे अर्धामुर्धा दगड. शंभर टन जाळा, तीस-चाळीस टन राख उरते. ती पाण्यात कालवून नळानं राखेच्या तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात तळं वाळलं, वारा सुटला, की माठावर राख, वाळवणावर राख, लेकराच्या दुपट्यावर राख. १६ जुलै २०२२ ला खसाळ्याचा बांध फुटला. कोराडीच्या राखेचा चिखल शेतात घुसला, नदीत उतरला, नागपूर जिचं पाणी पितं त्या कन्हानपर्यंत गेला. तेव्हा कुठं शहराला कळलं, की शेजारी असलं तळं आहे.

राख निदान दिसते. गंधकाचा वायू दिसत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं त्याला मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढायच्या यंत्रातून सूटच मिळाली. हिशोब बघा. दहा लाखांच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असाल तर यंत्र बसवा. लांब असाल, जागा आधीच अतिप्रदूषित ठरलेली नसेल, तर चिमणी पुरेशी उंच असली की झालं. गावकुसाबाहेर ठेवायची खोड जात नाही. आता फुफ्फुसंही बाहेर ठेवली!

आता दवाखान्यात चला. बाई खोकत येते. केसपेपरवर नाव, वय, 'दमा'. गोळ्या. राखेच्या तळ्यापासून किती लांब राहते, याला रकाना नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं सिलिकोसिस कळवणं डॉक्टरवर बंधनकारक केलं, पण ते कारखान्यातल्या कामगारापुरतं होतं. ठेकेदाराकडे राख उपसणारा पोरगा पुष्कळदा कागदावर कामगारच नसतो. त्याची आई तर कुणीच नाही. आणि वर साहेब साला विचारतो, पुरावा काय?

म्हणून रविवारी पाच-पाच जणांनी वही घेऊन निघायचं. घरोघर विचारायचं. कोण खोकतं, कधीपासून, काम काय. बिडी आणि चूल यांचंही विचारा, नाहीतर उद्या सगळं चुलीवर ढकलतील. केसपेपरची नक्कल जोडा.

वह्या मी आणल्यात. नावं सांगा.