ड्रम काढला, डिस्क बसवली

काशिमिऱ्याहून ठाण्याला जाताना गायमुखचा उतार लागतो. पावसात तिथे पुढचा कंटेनर अचानक थांबला आणि माझ्या जुन्या गाडीचा पुढचा ड्रम ब्रेक काही धरेना. थोडक्यात वाचलो!

मग डिस्क बसवायची ठरवली. पण ड्रमवाल्या शॉकअपला कॅलिपर बसवायला जागाच नसते हो. एक मेकॅनिक म्हणाला, "पट्टी वेल्डिंग करून देतो." मी नको म्हटलं. ब्रेकचा सगळा जोर त्याच पट्टीवर येणार; ती तुटली तर चाक जाम. त्याच मॉडेलच्या डिस्कवाल्या गाडीचे शॉकअप, चाक, मास्टर सिलिंडर, सगळा सेटच घेतला. खर्च वाढला, वाढू दे. ब्रेक ऑइलमधली हवा पूर्ण निघेपर्यंत लिव्हर मऊच लागत होता. नवे पॅड बसेपर्यंत उत्तन रोडलाच हळू चालवली, घाटात नेली नाही.