संशोधन आणि पेढीचा उंबरठा



काही वर्षांपूर्वी आम्ही एका घाऊक व्यापाऱ्यांच्या पेढीवर प्रश्नावली घेऊन गेलो होतो. संगणकावर हिशेब ठेवल्याने धंद्यात काय फरक पडला, हा आमच्या संशोधनाचा विषय. त्या गृहस्थांनी चहा पाजला आणि शांतपणे विचारले, "मागल्या खेपेस चाळीस प्रश्न विचारून गेलात. उत्तर काय निघाले, ते सांगावयास कोणी आलेच नाही!" आम्ही निरुत्तर झालो. आमचा निबंध छापून आला होता. पेढीचा उंबरठा मात्र त्याने ओलांडला नव्हता.

हे असेच चालावयाचे काय? इंग्लंडातील लायन्स कंपनीचे उदाहरण पाहा. चहा आणि केक विकणारी ही मंडळी. कचेरीतील कामाच्या नव्या रीती पाहण्यासाठी १९४७ साली त्यांनी आपली दोन माणसे अमेरिकेस धाडली. ती संगणकाची वार्ता घेऊन परतली. केंब्रिज विद्यापीठात तसे यंत्र तयार होतच होते. कंपनीने विद्यापीठास तीन हजार पौंड दिले, मदतीस आपला माणूसही दिला. १९४९ मध्ये ते यंत्र चालू झाले. त्याच धर्तीवर लायन्सने आपले 'लिओ' बांधले, आणि नोव्हेंबर १९५१ पासून त्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब होऊ लागला.

पुढे उपाहारगृहांची रोजची मागणीही यंत्रावर घेतली. सगळी यादी रोज नव्याने भरणे जिकिरीचे. म्हणून ठराविक मागणी आधीच नोंदून ठेवली. व्यवस्थापिका बाईंनी टेलिफोनवर फरक तेवढा कळवावयाचा. धंद्याची रीत ठाऊक असल्यावाचून अशी सोय सुचत नाही.

पुढे या विषयाचे स्वतंत्र शास्त्र झाले आणि अंतर वाढले. १९९९ साली 'एमआयएस क्वार्टर्ली' या त्रैमासिकात बेनबासॅट आणि झमूद यांनी स्वकीयांनाच सांगितले, की विषय व्यवहारातला निवडावा आणि धंद्यातल्या माणसास समजेल असे लिहावे. शास्त्राची शिस्त सोडा, असे त्यांचे म्हणणे नव्हते.

आम्ही त्या व्यापाऱ्यांकडे पुन्हा गेलो, निबंधाचे दोन पानी मराठी सार घेऊन. त्यांनी वाचता वाचताच चूक दाखविली: उधारीची गिऱ्हाइके आम्ही जमेसच धरली नव्हती! परीक्षकांच्या नजरेतून सुटलेली ही चूक पेढीवर सापडली.

तेव्हा व्यापारी बंधूंना विनंती एवढीच, की प्रश्नावली घेऊन कोणी आले तर उत्तरे अवश्य द्या. पण निष्कर्ष आणून देण्याचे वचन घेतल्याशिवाय त्यास सोडू नका.