आपले कोण, परके कोण?



स्कॉटलंडमध्ये फुटबॉलचा संघ हा ग्रामदैवतासारखा असतो. बाप ज्या संघासाठी घसा कोरडा करतो, त्याच संघासाठी मुलगाही करतो. अशा देशात आता परदेशी खेळाडू मोठ्या संख्येने मैदानात उतरतात. तेव्हा जुनी माणसे विचारतात, "यात आमचे गाव कोठे राहिले?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्यांच्या डोळ्यांपुढे असते १९६७ सालचे लिस्बन. त्या मे महिन्यात ग्लासगोच्या सेल्टिक संघाने मिलानच्या इंटर संघाला २-१ असे हरवून युरोपचा चषक जिंकला. तोवर ब्रिटनमधल्या एकाही संघाला तो मिळाला नव्हता. आणि ते अकराही जण ग्लासगोच्या ३० मैलांच्या आत जन्मलेले! त्यांचे गुरू जॉक स्टीन हेही जवळच्याच लॅनार्कशायरचे, कोळशाच्या खाणीत राबलेले.

पण या सेल्टिकचा जन्म कसा झाला ते पाहा. ग्लासगोच्या पूर्व भागातील गरिबांच्या मुखी दोन घास पडावेत म्हणून १८८७ साली ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूंनी तो काढला. ती गरीब मंडळी बव्हंशी आयर्लंडहून पोटासाठी आलेली. कालचे परके, तेच आजचे 'आपले'! १९३६ साली कलकत्त्याचा महंमद सलीम बुटांवाचून, पायांना पट्ट्या गुंडाळून याच संघातून दोन सामने खेळला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे १९९७ साली स्वीडनचा हेन्रिक लार्सन आला, सात वर्षे राहिला आणि २४२ गोल करून गेला. सेल्टिकच्या मंडळींत त्याला परका कोण म्हणेल?

मग दुखणे कोठे आहे? १९९५ साली युरोपच्या न्यायालयाने बोस्मन खटल्याचा निकाल दिला. कराराची मुदत संपलेला खेळाडू मोकळा झाला आणि युरोपीय संघराष्ट्रांतील खेळाडूंवरची संख्येची मर्यादाही उठली. दारे उघडली हे वाईट झाले नाही. वाईट झाले ते अंथरूण न पाहता पाय पसरल्याने. डंडी संघाने २००० साली अर्जेंटिनाचा नामांकित कॅनिजिया आणला, इतरही परदेशी आणले. २००३ साली संघ कर्जात बुडाला आणि कित्येक खेळाडूंना घरी बसावे लागले. तेव्हा पदरमोड करून संघ वाचवायला धावले ते गावचेच चाहते!

म्हणून मी म्हणतो, दोष परक्या गड्याचा नव्हे, कारभाऱ्यांचा आहे. निष्ठा जन्माच्या दाखल्यावर लिहिलेली नसते. ती घामाने सिद्ध होते. पण लिस्बनचे ते अकरा जणही आकाशातून पडले नव्हते. त्यांतील अनेकांना संघाने पोरवयापासून घडवले होते. बाहेरचा गुणी खेळाडू जरूर आणावा; मात्र गल्लीतल्या पोराला शिकवण्याचे काम बंद करून नव्हे. पाहुण्यासाठी पाणी विकत आणावे, पण घरची विहीर बुजवू नये.