गेल्या आठवड्यात काम केलंत का?

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



जेवणाआधी मला आकडेवारीवर बोलायला उभं केलंय, तेव्हा सुरुवात स्वयंपाकघरातूनच करतो.

आमच्या ओळखीच्या एक काकू पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. आठवड्याला दीड-दोनशे पोळ्या होतात. मी एकदा सहज विचारलं, "काकू, हल्ली काय काम करता?" म्हणाल्या, "काम कुठलं रे? घरीच असते मी."

सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. माझाच प्रश्न चुकला होता.

इथे अमेरिकेत बेकारीचा दर ठरतो तो 'करंट पॉप्युलेशन सर्व्हे'वरून. दर महिन्याला सुमारे ६०,००० घरांत चौकशी होते. ठरावीक आठवड्यात पैशांसाठी एक तास जरी काम केलं, तरी माणूस 'कामावर' धरतात. म्हणजे काकू त्यात बसतात! पण घरातला एकजण सगळ्यांच्या वतीने उत्तरं देऊ शकतो. काका म्हणाले, "ती घरीच असते," की काकू गेल्या हिशेबातून.

कंत्राटी, हंगामी, बोलावतील तेव्हा जायचं, अशा कामांसाठी १९९५ पासून याच पाहणीला एक पुरवणी जोडली गेली. पण २००५ नंतर ती झाली एकदम २०१७ साली. ॲपवरची टॅक्सी आली ती नेमकी या बारा वर्षांत. मधल्या काळात, २०१५ साली, लॉरेन्स कॅट्झ आणि ॲलन क्रुगर या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःची पाहणी केली. अशी कामं करणारे १५.८ टक्के निघाले. कायमची नोकरी आता संपलीच, अशी चर्चा झाली. मग २०१७ चा सरकारी आकडा आला : १०.१ टक्के. २०१९ मध्ये त्या दोघांनीच लिहिलं, की खरी वाढ बहुधा एक-दोन टक्क्यांचीच असावी. आपला गाजलेला आकडा आपणच खाली आणायला धैर्य लागतं.

सरकारचीही फजिती झालीच. २०१७ मध्ये ॲपवरच्या कामाबद्दल चार नवे प्रश्न घातले. ऑफिसात नुसता कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनीसुद्धा "हो" सांगितलं! शेवटी एकेक उत्तर तपासून चाळणी लावली, तेव्हा उरले फक्त १ टक्का.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं, तेव्हा स्वतंत्र काम करणाऱ्यांना नेहमीचा बेकारी भत्ता लागू नव्हता. त्यांच्यासाठी वेगळी तात्पुरती योजना काढावी लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये तीही संपली. पुन्हा अशी वेळ आली, तर मदत किती जणांना लागेल हे आकड्यांवरूनच ठरणार. आणि काकू आकड्यांत नाहीत.

मी काकूंना पुन्हा विचारलं, "गेल्या आठवड्यात कुणी कशाचे पैसे दिले का?" लगेच म्हणाल्या, "दिले की! तीन घरांनी."

तेव्हा मंडळी, पाहणीवाला दारात आला तर टाळू नका. शनिवारचा तबल्याचा क्लास, शेजारचं मूल सांभाळणं, रात्री चालवलेली गाडी, सगळं सांगा. आणि काका, उत्तर काकूंना देऊ द्या.

आजच्या पोळ्याही त्यांच्याच आहेत. चला, पानं वाढली आहेत.