‘द्रावकमुक्त’ नशेची शुद्धता

गांजाच्या मादी फुलोऱ्यावर सूक्ष्म ग्रंथी असतात. मादक राळ त्यांतच साठते. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून गांजाची खुली विक्री सुरू झाली आणि ही राळ वेगळी काढण्याचा उद्योगही फोफावला. ब्यूटेन वायूने ती काढताना घरांत स्फोट झाले, माणसे होरपळली. अर्कात वायूचा अंश राही तो निराळाच. मग दुसरी रीत पुढे आली. बर्फाच्या पाण्यात फुलोरा घुसळून ग्रंथी गाळायच्या, अथवा तापलेल्या दोन पट्ट्यांत दाबून राळ पिळायची. ‘द्रावकमुक्त’ ही मोहोर उमटली आणि माल महाग झाला, शुद्धही ठरला!

वायूचा अंश टळला, हे खरेच. परंतु फुलोऱ्यात मादक द्रव्य साधारण वीस टक्के असते, या अर्कात ते सत्तरच्याही पुढे जाते. व्हरमाँट राज्याने २०२० च्या कायद्यात घन अर्कास साठ टक्क्यांची मर्यादा घातली. तिकडे शिकणारा मुलगा ‘हे नैसर्गिक आहे’ असे घरी सांगतो, तेव्हा आईवडिलांनी ही टक्केवारी विचारावी. हिमाचलातील मलाणा गावी तळहातांवर फुलोरा चोळून काढलेला चरसही द्रावकमुक्तच असतो. आपल्या १९८५ च्या कायद्यात वेगळी काढलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध केलेली, चरसच होय.